तिरपी अक्षरं दिनानाथची

राऊ (इंदूर)
४ नोव्हेंबर २००१

चि. शुभदा हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी दहा दिवसांवर आली आणि मामानं फराळाऐवजी फ्लॉपी पाठवली म्हणून हसू नकोस. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बांधली आहे, जपून सोड. दुसरी प्रत नाही. निशांतच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी तीन वर्षं टंकत होतो. त्याला पीथमपूरला नोकरी लागली, त्यानं मशिनं विकली, विकताना सगळी पुसून दिली. आणि ज्या वह्यांत मी आधी टिपणं काढायचो त्या सुजयनं परदेशीपुऱ्याहून इथे फ्लॅटमध्ये सामान हलवताना रद्दीत घातल्या. "बाबा, कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं!" म्हणाला. आहे खरं.

दिनानाथ आठवतो? तू सुट्टीत यायचीस तेव्हा तुला खांद्यावर बसवून मिलच्या गेटवर भोंगा ऐकायला न्यायचा, तो. साचेखात्यातला जॉबर, दहा मागांवरच्या माणसांचा मुकादम. त्याचा विजय माझ्या शाळेत होता. कविता चालीवर म्हणावी तर त्यानंच. चौथीच्या वर्गाच्या खिडकीतून मिलचं धुरांडं दिसायचं आणि हा पोरगा पाखरांची कविता म्हणू लागला की तो काळा धूरसुद्धा लयीत वळतोय असं वाटायचं. शुभे, काय दिवस होते ते! पाटीवरचं अक्षर पुसलं तरी बोटाला पांढरं राहायचं.

असो. भरकटलो. १९८८च्या एप्रिलात मिलच्या कापसाच्या गोदामाला आग लागली आणि विजय आतच गेला. तेवीस वर्षांचा. रिपोर्टात लिहिलं, मयत कामगार बिडी ओढत होता, त्यातून आग लागली. त्या मुलानं जन्मात बिडी ओढली नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं, आगीच्या नळाला पाणी नव्हतं, आणि मोटारीची वायर आठवडाभर ठिणग्या टाकत होती हे दिनानाथनंच वर सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. पुढे मिलच बंद पडली, त्याला दहा वर्षं होतील. आता तिथली यंत्रं भंगारात चालली आहेत, कागदही जायचे आहेत. त्याआधी नोटीस निघाली आहे की जुन्या अपघातांच्या नोंदींवर कुणाची हरकत असेल तर पंधरा डिसेंबरपर्यंत लेखी द्यावी, चौकशी अधिकारी वाचून नोंद बदलतील. दिनानाथला बाकी काही नको. "मास्तरजी, पोराच्या नावावरची ती बिडी तेवढी पुसून द्या, बस," म्हणाला होता.

हे ऑगस्टात. ऑक्टोबरात त्याला झटका आला आणि वाचा गेली. डावा हात हलतो, कान शाबूत आहेत. लिहिता त्याला कधीच येत नव्हतं. म्हणजे तो जे काही बोलला ते त्या फ्लॉपीत आहे, आणखी कुठेच नाही.

दोनशे बारा पानं आहेत. मंगळवारी नि शुक्रवारी तो माझ्याशेजारी स्टुलावर बसून सांगायचा, मी टंकायचो. मधेमधे माझंही लिहिलं आहे, नुसती हकिगत रुक्ष होते ना! पण पानांची दशा बघवत नाही. तीन आडव्या रेघा मारून एंटर दाबलं की पानभर जाड रेघ उमटते, ती कशानंच खोडली जात नाही. १ लिहिलं की खालच्या ओळीत २ स्वतःहून येऊन बसतो, न विचारता उत्तर देणाऱ्या आगाऊ पोरासारखा. परिच्छेद उजवीकडे सरकत सरकत शेवटी पानाच्या काठाशी एकेका शब्दाची उतरंड झाली आहे. कपाशीची 'क्पाशी' होते. निशांत म्हणायचा, "सर, फॉर्मेटिंग बिगड गई है," आणि चहाला जायचा.

तू पुण्यात हेच काम करतेस. मला आपल्या जुन्या वाचनमालेसारखी पानं हवीत. रेघ नको, चौकट नको, वाकडंतिकडं काही म्हणजे काही नको. सगळं सरळ कर.

तुझा
पंढरीमामा


पुणे
११ नोव्हेंबर २००१

ती. पंढरीमामा यांस,
सा. न.

फ्लॉपी पोचली, उघडली, आणि मी ऑफिसात मोठ्यानं हसले. मामा, तुम्ही कॉम्प्युटर टाइपरायटर समजून चालवलाय! प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर. मथळा मध्यावर आणायला एकेचाळीस वेळा स्पेसबार, मी मोजले. त्यामुळे मी अक्षर एक घर मोठं केलं की ओळी मधूनच तुटतात आणि मथळे रस्ता चुकल्यासारखे कुठेही उभे राहतात.

बाकीचा दोष तुमचा नाही. हा प्रोग्राम इंग्रजाचा. त्याला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, म्हणून वाक्याचं पहिलं अक्षर तो आपण होऊन मोठं करतो. आपल्या फॉन्टमध्ये त्या मोठ्या अक्षराच्या जागी अर्धं अक्षर बसवलंय. झाली क्पाशी. रेघा, आकडे, सरकणं, सगळ्या त्याच्या आगाऊ सवयी. बंद करता येतात, पण दोनशे बारा पानांवर झालेलं एकेक करून निस्तरायचं तर संक्रांत उजाडेल.

म्हणून मी मुळावरच घाव घालणार आहे. सगळं एकदम निवडायचं, त्यावरचं सगळं सजवणं-मुरडणं एका फटक्यात काढायचं, आणि कोऱ्या मजकुरावर एकच साधा फॉन्ट चढवायचा. जेवणाच्या सुट्टीत करते. इथे हल्ली वातावरण बरं नाही. अमेरिकेतलं काम आटलंय, रोज कुणाला तरी केबिनमध्ये बोलावतात. पण माझी काळजी नको.

तारीख जवळ आलीय, तर हरकत दाखल करणारे जे कुणी वकील असतील त्यांना प्रिंट थेट कुरिअर करू का? पत्ता कळवा. राऊहून शहरात जायची खेप तरी वाचेल तुमची. दिनानाथकाकांना माझा नमस्कार सांगा. खांद्यावरून दिसलेलं गेट मला अजून आठवतं.

तुमची
शुभदा


राऊ
१५ नोव्हेंबर २००१

चि. शुभदा,
आशीर्वाद.

तुझं पत्र पाडव्याआधी आलं, दिवाळी झाली माझी. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. चिंतामणराव वकील, तुकोगंज. आपलेच आहेत, त्यांचे वडील माझ्याबरोबर मराठी शाळेत होते. ते याचा हिंदी तर्जुमा करून दाखल करणार. म्हणाले, "मास्तर, तुमचं साहित्य मी निवांत वाचीन, पण अधिकाऱ्यापुढे फक्त दिनानाथजींचे बोल जातील. दोन्ही वेगळं ओळखू येतं ना?" म्हटलं, येतं की.

काल दिनानाथकडे गेलो होतो. सखुवहिनींनी त्याला उशीला टेकवून बसवलं होतं. मी सांगितलं, भाची पानं सरळ करतेय. त्यानं डाव्या हाताची मूठ वळून छातीवर ठेवली. वहिनी म्हणाल्या, "दिवसातून दहादा कॅलेंडरकडे बोट करतात. मी म्हणते, अहो, पंधरा तारीख काय पळून जाते का?" घरी येताना बसमध्ये विजयच्या आवाजातली ती चाल गुणगुणत होतो, कंडक्टर म्हणाला, "बाबूजी, गाना बाद में, टिकट पहले."

एक सांगायचं राहिलं. तिरपी अक्षरं आहेत ती दिनानाथची. तो बोलला की मी अक्षर तिरपं करायचो, माझं लिहिताना पुन्हा सरळ. ती तेवढी तशीच राहू दे. तुझ्या ते लक्षात आलंच असेल म्हणा.

मामा


पुणे
१७ नोव्हेंबर २००१

ती. मामा,
सा. न.

काम फत्ते! परवा तुमच्या पत्राची वाट न बघता सुजयदादाला फोन करून पत्ता घेतला आणि काल कुरिअर गेलंसुद्धा. आता दोनशे बाराची एकशे चौतीस पानं झाली, तुमच्या एंटरांनी केवढी जागा खाल्ली होती! एक रेघ नाही, एक आगाऊ आकडा नाही, एकही वाकडं अक्षर नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं, वाचनमालेसारखं.

फ्लॉपीवर जुनं काढून हे नवं ठेवलंय, म्हणजे पुढे गोंधळ नको.

शुभदा


राऊ
२४ नोव्हेंबर २००१

शुभदा,

तुझ्या ऑफिसात तीनदा फोन केला. "मॅडम आता इथे नाहीत," एवढंच म्हणतात. घरचा नुसता वाजत राहतो. कुठे आहेस तू? हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतोय.

चिंतामणरावांनी बोलावून घेतलं. एकशे चौतीस पानं टेबलावर, किती देखणी! म्हणाले, "मास्तर, यात तिरपं तर काहीच नाही. मग सगळं दिनानाथजींचंच धरून गजाननला तर्जुम्याला बसवला." गजानन त्यांचा कारकून. त्यानं पान पंचावन्न पुढे सरकवलं आणि मान खाली घातली. मी वाचलं:

'दुपारच्या सुट्टीत गोदामामागच्या पिंपळाखाली बिड्या पेटत. निळा धूर पानांतून वर जाई, आणि त्या मंडळात विजयही असे, मान मागे टाकून हसणारा.'

वकील म्हणाले, "ज्यानं तो रिपोर्ट लिहिला तो हे पान वाचून माझ्या पाया पडेल. बाप स्वतः सांगतोय, पोरगा गोदामाजवळ बिडी प्यायचा!"

शुभे, ते मी लिहिलं आहे. दिनानाथ असं कधी बोलला नाही. पिंपळ होता, बिड्या ओढणारे होते, आणि मला त्या चित्रात विजय हवा होता. एवढंच. लिहिताना फार गोड वाटलं. सरळ अक्षरांत होतं तोवर ते म्हाताऱ्या मास्तराचं स्वप्न होतं. आता सगळीच अक्षरं सरळ, तर ती बापाची साक्ष झाली आहे.

वकील म्हणाले, आठ तारखेपर्यंत दिनानाथजींचं वेगळं काढून द्या, नाहीतर मी काहीच दाखल करणार नाही. मी म्हटलं, आत्ता काढतो, त्यात काय! त्यांच्याच पडवीत पेन्सिल घेऊन बसलो. दोन तासांत सहा पानं. शुभे, मला माझं ओळखू येईना. तीन वर्षं तो माझ्याशेजारी बसला, माझी वाक्यं ऐकून ऐकून त्याच्या तोंडात बसली. आणि मीही त्याच्यासारखं लिहायचा यत्न करायचो, उगीच, हौस म्हणून. तो एकदा म्हणालाही होता, "मास्तरजी, इतकी फूलपत्ती कशाला? सीधी बात लिहा ना." ते वाक्य तेवढं त्याचं, खात्रीनं. पण ते मी टंकलंच नव्हतं.

कुठेतरी जुनी प्रत असेलच तुझ्याकडे. असेल ना? उलट टपाली कळव.

मामा


पुणे
२८ नोव्हेंबर २००१

ती. मामा,

नाही. कुठेच नाही.

तुमचं तिरप्या अक्षरांचं पत्र मला एकोणीस तारखेला मिळालं. वाचलं तेव्हाच कळलं, मी काय पुसलंय. तुम्हाला लगेच कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण वाटलं ऑफिसच्या मशिनवर पहिली प्रत असेल, ती काढून गुपचूप पाठवीन. वीस तारखेला मला केबिनमध्ये बोलावलं. दुपारी चारला गेटच्या बाहेर होते, हातात डबा आणि छत्री. मशिनकडे परत जाऊ दिलं नाही. घरचा फोन मी उचलत नव्हते, आईला अजून सांगितलेलं नाही म्हणून. तुम्हीही सांगू नका.

मी फॉर्मेटिंग साफ करते, हेच माझं काम होतं, आणि मजकूर वाचायचा नसतो हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. वाचलं की हात मंदावतो. मी दोनशे बारा पानं साफ केली आणि एक वाक्य वाचलं नाही. वाचलं असतं तर एक पान तिरपं आणि एक सरळ का, हे विचारलं असतं.

आता वाचलंय. दोन दिवस तेवढंच केलं. चौकातल्या सायबर कॅफेत फ्लॉपीवरून प्रिंट काढून, पेन्सिलीनं, मला जे काकांचं वाटलं त्याच्या बाजूला खूण केली आहे. सोबत कुरिअर करतेय. मामा, एक सांगू? जिथे आकडा आहे तिथे बहुतेक काका आहेत. 'तीन नंबरचं दार.' 'कुलूप तोडायला कोळशाची पहार आणली, ती वाकली.' 'नळ उघडला, हवा आली.' असं. आणि जिथे 'जणू' आहे तिथे तुम्ही. एकशे चौतीस पानांत 'जणू' दोनशे सहा वेळा आहे, ते मी मशिनला मोजायला लावलं. पण मधला मोठा भाग असा आहे की मला सांगता येत नाही. तो काकांनाच विचारावा लागेल. ऐकू येतं ना त्यांना?

माझ्यावर रागवा, पण पंधरा तारखेपर्यंत नको.

शुभदा


राऊ
६ डिसेंबर २००१

चि. शुभदा,

तुझ्यावर रागवायला माझं तोंड उरलेलं नाही. 'सगळं सरळ कर' हे माझ्याच हातानं लिहिलेलं आहे. नोकरीचं वाचून फार वाईट वाटलं. ताईला सांगत नाही.

तुझी पानं घेऊन रविवारपासून दिनानाथकडे बसतो आहे. पहिल्या दिवशी नुसतं सांगितलं, कॉम्प्युटरनं गोंधळ केला, तुझं आणि माझं मिसळलं. कॉम्प्युटरनं! त्याच्या उशाशी स्टीलचा पेला ठेवला. बोट एकदा वाजवलं तर वाक्य त्याचं, दोनदा वाजवलं तर माझं. सखुवहिनी दाराशी तांदूळ निवडत ऐकायच्या. दिनानाथ भराभर वाजवायचा. दोनदा, दोनदा, दोनदा. मी एक लांबलचक वाक्य वाचलं, मागांच्या खडखडाटाला पावसाची उपमा दिलेलं. वाजवायच्या आधीच वहिनी म्हणाल्या, "हे तर मास्तरजींचंच. आमचे हे साच्यावरून घरी आले की कानात कापूस घालून बसायचे. कुठला पाऊस!" दिनानाथ ओठांच्या एका कोपऱ्यातून हसला. मीही हसलो. वाटलं, होतंय काम.

काल पान पंचावन्न आलं. मी ते उलटलं आणि छप्पन्न वाचू लागलो.

"मास्तरजी, दोन पानं एकदम उलटली तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"चिकटली होती."

"मग सोडवा ना."

दिनानाथ माझ्याकडे बघत होता. त्या नजरेपुढे खोटं टिकत नाही, शुभे. मी वाचलं. पिंपळ, निळा धूर, त्या मंडळात विजय. पेला वाजला नाही. मी म्हटलं, "दिनानाथ, हे माझं आहे. मी बनवलं." तरी वाजला नाही. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

वहिनींनी तांदळाचं ताट खाली ठेवलं. म्हणाल्या, "तेरा वर्षं आम्ही गल्लीत मान खाली घालून चालतो. कशापायी? बिडीपायी. आणि घरातला माणूस म्हणून ज्याला चहा पाजला, त्यानंच माझ्या पोराच्या तोंडात बिडी दिली?"

"वहिनी, मला तो हसताना दिसावा म्हणून..."

"हसायला बिडी लागत नव्हती त्याला. जा तुम्ही. पानं पण घेऊन जा."

दार लावून घेतलं. आठ तारखेपर्यंत एकोणऐंशी पानं अजून वाचायची आहेत आणि मला तिथे पाय टाकता येत नाही. चिंतामणरावांच्या हातापाया पडून चौदा तारीख मागून घेतली, शेवटची. रात्रंदिवस ती पानं चाळतो आहे आणि दर ओळीला वाटतं, हेही मीच बनवलं असेन. मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं की सुंदर लिहा. कुणासाठी, ते एकदाही शिकवलं नाही. काय करू, तूच सांग.

मामा


पुणे
९ डिसेंबर २००१

ती. मामा,

मी काय सांगणार? मला फक्त साफ करता येतं, तेही असं.

पण एक नियम सुचतो. शंका आली की ते तुमचं समजा आणि कापा. काकांचं एखादं खरं वाक्य गेलं तरी चालेल. तुमचं एकही राहून चालणार नाही. कितीही आवडतं असलं तरी. तुम्ही माझे निबंध असेच तपासायचात, अर्धं पान लाल करून परत द्यायचात आणि मी माजघरात जाऊन रडायचे.

आणि काकूंच्या दाराशी जा. आत घेतलं नाही तर बाहेरून वाचा. काका ऐकतील. पत्राचं उत्तर नंतर लिहा, आधी जा.

शुभदा


राऊ
१६ डिसेंबर २००१

चि. शुभदा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बारा तारखेला सकाळी मिळालं, दुपारी गेलो. वहिनींनी दार उघडलं पण उंबऱ्यातून हलल्या नाहीत. मी म्हटलं, "आत येत नाही. इथून वाचतो. माझं असेल ते तुमच्यासमोर काटतो." लाल पेन्सिल दाखवली. पंचावन्नावं पान सगळ्यात वर ठेवलं होतं, त्यावर आडवी-उभी फुली. त्या बराच वेळ त्या फुलीकडे बघत होत्या. वाचता त्यांना येत नाही, पण फुली कळते. मग आतून पाट आणून उंबऱ्याबाहेर टाकला, माझ्याकडे न बघता.

मी मोठ्यानं वाचू लागलो. गल्लीतली माणसं जाता-येता थांबत. कुणी म्हणालं, "क्या मास्साब, कथा बाँच रहे हो?" पहिली दहा वाक्यं आतून काहीच आवाज आला नाही. अकराव्याला पेला वाजला. दोनदा.

दोन दिवस तसंच चाललं. शंका आली की काटलं. भोंग्याचं सबंध प्रकरण गेलं. खान नदीवरची संध्याकाळ गेली, ती मला पाठ होती. विजय चौथीत कविता म्हणतो ते पाच पानी वर्णन गेलं. ते खरं होतं, पण दिनानाथ तेव्हा वर्गात नव्हता, मी होतो. त्याची साक्ष नव्हे. काटण्याआधी ते पुन्हा चाळू लागलो, तर वहिनी म्हणाल्या, "काय होतं ते?" सांगितलं. म्हणाल्या, "मला एकदा वाचून दाखवा नंतर. आता काटा."

तेराला, शेवटून तिसऱ्या पानावर, आगीच्या दिवसाची सुरुवात आली. 'त्या सकाळी विजय कामावर निघाला तेव्हा दारातून दोनदा मागे वळला.' पेला एकदा वाजला. जोरात. म्हणजे त्याचं.

मी थांबलो. ते वाक्य मी केव्हा लिहिलं, मला लख्ख आठवतं. दिनानाथ त्या शुक्रवारी आलाच नव्हता, त्याला ताप होता, आणि मी एकटाच बसून ते रचलं होतं. त्यानं ते नंतर माझ्या तोंडून ऐकलं, पुढेही एकदोनदा मीच वाचून दाखवलं, तर ते त्याच्यात मुरलं. मी म्हटलं, "दिनानाथ, तू पहिल्या पाळीला होतास. सकाळी सातला गेटच्या आत. पान नव्वदवर तूच सांगितलंस. विजय दहाला निघाला. तू कसा बघशील?"

पेला एकदा वाजला.

वहिनी आत गेल्या. त्याच्याजवळ बसल्या असाव्यात, आवाज खालून आला. "अहो, मी होते ना घरात. डबा घ्यायलासुद्धा थांबला नाही तो. मी मागून ओरडले, सायकलवरूनच हात केला. वळला नाही."

पुन्हा एकदा वाजला. मग पुन्हा. एकेकच. शुभे, मी त्या पाटावर बसून मोजत होतो, आणि मला वाटलं, एक वाक्य राहू दे. कुणाला कळतंय? बापाला तेवढं हवंय. पण पान नव्वद आणि हे वाक्य एकाच कागदात गेली तर अधिकारी विचारणार, सात खरं की दहा? आणि मग कुलूपही खोटं ठरणार, नळही, वायरही. मी पेन्सिल टेकवली आणि त्यावरून रेघ ओढली. आत दिसत नव्हतं त्याला. मी सांगितलंही नाही.

एकशे चौतीस पानांतून सव्वीस उरली. काल सकाळी वकिलांच्या गजाननला घेऊन गेलो. अंगठ्याआधी सगळं वाचून दाखवावं लागतं. यावेळी वहिनींनी मला आत बसवलं, पलंगाजवळ. मी वाचत गेलो. आठवडाभर ठिणग्या टाकणारी वायर. तीन नंबरचं दार. पहार वाकली. नळाला हवा आली. एकही जणू नव्हता. माझा आवाज मलाच परका वाटत होता, इतका कोरडा. आगीच्या दिवसाशी आलो तेव्हा दिनानाथनं पेल्यावर बोट उचललं आणि तयार धरलं. मी वाचलं, 'मी सातला आत गेलो. साडेअकराला धूर पाहिला.' मधे काही नव्हतं. बोट तसंच वर राहिलं. मी पुढे वाचलं नाही, थांबलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग कॅलेंडरकडे. पंधरा तारीख होती.

बोट हळूच खाली घेतलं, पेल्याला न लावता. मग डावा अंगठा गजाननपुढे केला.

मामा